ऑस्करची एकादशी

रविवार, १७ मे

अधिक महिना लागला. रोजनिशी सुरू करायला मुहूर्त चांगला. संकल्प असे : साखर पूर्ण बंद, रोज सकाळी चालणे, आणि इथे फक्त खरे लिहायचे. वाचणारा मी एकटा. स्वतःलाच काय फसवायचे.

वच्छलाने महिनाभर आंबा सोडला. अधिकात आवडती वस्तू सोडली की पुण्य लागते. मला डॉक्टरने आंबा कधीचाच सोडायला लावला आहे, त्याचे पुण्य मिळते का विचारले. म्हणाली, जबरदस्तीचं कायचं पुण्य.

दुपारी आमची लेक प्राजक्ता आणि जावईबापू शुभमराव अमरावतीहून आले. ऑस्करला आमच्याकडे सोडून मनालीला गेले. ऑस्कर म्हणजे त्यांचा लॅब्राडोर कुत्रा. रंग तुपासारखा, भूक रोडग्याच्या पंगतीला बसलेल्या माणसासारखी. ३१ तारखेला परत येतील, त्याच दिवशी जावयाचे धोंड्याचे जेवण. शुभमराव गाडीत बसता बसता सूचना देत होते. एकदा उलटी करून खेळायला लागला तर चिंता नाही, पण परत परत ओकला, पाणीही पोटात टिकलं नाही, तर सरळ डॉक्टरकडे न्या. मी मान हलवली. उभी नोकरी एसटीत कंट्रोलर म्हणून काढली, भर लग्नसराईत अकोला स्टँड सांभाळला. एक कुत्रं काय.

मंगळवार, १९ मे

चालायला गेलो. सकाळी सहालाच ऊन तापलेले. ऑस्करने ओढत चहाच्या टपरीपर्यंत नेले, म्हणजे तेवढे चालणे झालेच. बिनसाखरेचा चहा सांगितला. टपरीवाल्याने सवयीने साखर घातली. अन्न टाकू नये.

गुरुवार, २१ मे

वच्छलाचा भाऊ देवराव, त्याने तेल्हाऱ्याहून शेंदऱ्या आंब्यांचे पोते पाठवले. धोंड्याच्या रसासाठी. शेंदऱ्या म्हणजे गावरान आंबा, आकाराने मुठीत मावेल एवढा, चोखून खायचा. वच्छलाने मागच्या खोलीत कुटारात, म्हणजे भुशात, पिकत घातले. मला म्हणाली, तुमी त्या खोलीत पाय नका ठेवू, तुमचा रिपोर्ट मले पाठ आहे. मी म्हणालो, मला आंब्याची आठवणही होत नाही.

रात्री स्वप्नात आंबा. स्वप्नातल्याने शुगर वाढत नसावी.

शुक्रवार, २२ मे, दुपारी १

वच्छला शेजारी आयशाबीकडे गेली होती. मी मागच्या खोलीत गेलो ते केवळ तपासणीला. कुटारात एक आंबा नासला की शेजारच्याला नासवतो, हे कोणताही शेतकऱ्याचा पोरगा सांगेल. एक नासायच्या बेतात होता. फेकला असता तर देवरावचा अपमान. खाल्ला. उभ्यानेच. उभ्याने खाल्लेले अंगी लागत नाही.

प्रश्न कोयीचा. आमच्या घरी कचऱ्याच्या डब्याची तपासणी होते, तशी कधी स्टँडवर तिकिटांची झाली नाही. ऑस्कर बाजूला बसून बघत होता, त्याला चाटायला दिली. त्याने ती चाटून हाडासारखी पांढरी करून परत दिली. खिशात घालून कोपऱ्यावरच्या नाल्यात टाकली. फार समजूतदार जनावर.

शनिवार, २३ मे

उष्णता भयंकर. आज आणखी दोन आंबे नासायच्या बेतात. पहिल्याची कोय ऑस्करने इमानदारीने परत दिली. दुसरीसाठी मी हात पुढे केला तर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. तोंड रिकामे. पुरली असणार. कुत्री पुरतातच. फरशीवर बसल्या बसल्या कुठे पुरली हे मात्र कळेना. मोगऱ्याची कुंडी उकरून पाहिली, नव्हती. मोगरा गेला. वच्छलाला सांगितले, ऑस्करने उकरला.

ती त्याला काहीच बोलली नाही. तिचा त्याच्यावर जीव बसला आहे. दुपारी माझा डोळा लागला की ती मागच्या खोलीत माळ जपत बसते आणि ऑस्कर तिच्या मागे मागे जातो. मग आतून दार लोटलेले. भक्तीचा परिणाम जनावरावरही होतो. तिच्या हाताला आंब्याचा घमघमाट येतो. कुटारातले आंबे उलटेपालटे करावे लागतात ना. बिचारीने खायचे नाहीत आणि हात मात्र घालायचे. व्रत सोपे नसते.

रविवार, २४ मे

सकाळी ऑस्करने उलटी केली. दुपारी एक, संध्याकाळी एक. शुभमराव म्हणाले होते परत परत. पण तिन्ही वेळा वेगवेगळ्या धरल्या तर प्रत्येक वेळी एकदाच झाली. कारण उघड आहे : ऊन. सत्तेचाळीसला माणूस ओकतो.

भिंतीपलीकडून अलीझाने विचारले, काका, तो काऊन ओकून राहिला? काय खाल्लं त्यानं? ही आमच्या शेजारच्या जहीरभाईंची मुलगी. जनावरांची डॉक्टर आहे, चौकाच्या पलीकडे दवाखाना. मी म्हणालो, ऊन लागलं. ती म्हणाली, आंब्याचा सीझन आहे, कोय-बीय तं नाही ना गिळली? लई कुत्रे येऊन राहिले तसे. मी म्हणालो, आमच्या घरचे आंबे खोलीत बंद आहेत.

वच्छला तिथेच कपडे वाळत घालत होती. तीही लगेच म्हणाली, हो बाई, ऊनच असंल. एरवी माझ्या कोणत्याही मताला तिचा पाठिंबा नसतो. अनुभवाची किंमत हळूहळू कळते माणसाला.

अलीझा म्हणाली, तरी एकदा आणा. बघू म्हणालो. पोरगी गुणी आहे, पण लहानपणी आमच्या जिन्यावरून पडून हिने रडून गल्ली डोक्यावर घेतली होती, ते मी पाहिलेले आहे. आणि डॉक्टर लोकांची ही खोडच, आधी काय खाल्लं ते विचारायचं. बऱ्याच वेळा ते विचारायची गरज नसते.

सोमवार, २५ मे

ऑस्कर काही खात नाही. पाणी प्यायला, पाच मिनिटांत बाहेर. म्हणजे पोट स्वच्छ होत आहे.

आज घरचा इलाज केला. आमच्या बाबांचा धामणगावापर्यंत लौकिक होता. बैलाचे पोट फुगले की गोडेतेलात हिंग आणि ओवा घालून बांबूच्या नळीने पाजायचे, की बैल संध्याकाळी औताला तयार. जनावर ते जनावर. बैलाला अर्धा लिटर तर लॅब्राडोरला किती, हे त्रैराशिकाने काढले. नळी नव्हती, म्हणून पाण्याची बाटली कापली.

त्याने थोडे प्यायले, उरलेले माझ्या धोतरावर. ठसका लागला त्याला. मलाही लागला, हिंगाने. ऑस्कर पलंगाखाली जाऊन बसला तो बाहेर येईना. तेलाचा गुण यायला वेळ लागतो. स्टँडवर मी लोकांना हेच सांगायचो, गाडी थोड्याच वेळात लागेल. बहुतेक वेळा लागायची.

मंगळवार, २६ मे

इलाज लागू पडला! उलटी थांबली. ऑस्कर ओकायला जातो, मान खाली घालतो, पोट आत ओढतो, पण बाहेर काही येत नाही. म्हणजे आत काही उरलेच नाही. बाबांची आठवण आली.

संध्याकाळी मनालीहून व्हिडिओ कॉल. प्राजक्ताने विचारले, बाबा, ऑस्कर कसा आहे. म्हणालो, एकदम फर्स्ट क्लास. दाखवा म्हणाली. तो आडवा पडलेला. मी मागे बसून त्याचा पुढचा पाय धरला आणि तिला टाटा करायला लावला. प्राजक्ता खूश झाली. जावईबापू म्हणाले, बाबा, तो सुस्त दिसून राहिला. मी म्हणालो, अकोल्यात सध्या सगळेच सुस्त आहेत.

पाय थंड लागला हाताला. कूलरमुळे असेल.

बुधवार, २७ मे, कमला एकादशी

आज जे घडले ते लिहिताना अंगावर काटा येतो.

सकाळी वच्छलाची पूजा चालू होती. ऑस्कर कसाबसा उठला, देवघरापुढे आला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय लांब करून छाती जमिनीला टेकवली. मागचा भाग वर. चक्क नमस्कार. बराच वेळ तसाच. नंतर दिवसभरात अनेकदा. आणि अन्नाला तोंड लावले नाही. एकादशीला! कुत्र्याला तिथी कळली आणि आमच्या जावयाला अजून कळत नाही.

दुपारी भजनी मंडळाच्या बाया आल्या. सुभद्राबाईंनी त्याच्या कपाळाला गंध लावले आणि म्हणाल्या, मागच्या जन्मीचा कोणी माळकरी असंल हा. एकीने तर पाया पडायला नातू आणला. मी ऑस्करचा आहार, दिनचर्या यावर चार शब्द बोललो. घरात वातावरण असेल तर जनावरही शिकते, असे सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत पण पडण्यासारखे वातावरण होते. वच्छला मात्र कोपऱ्यात माळ ओढत बसलेली. डोळे ओले. भक्तीने भरून आले असेल.

फोटो काढून स्टेटसला ठेवला. दहा मिनिटांत अलीझा दारात. उद्या ईद, हाताला ओली मेंदी, तशीच आली. म्हणाली, काका, हा नमस्कार नाही. पोटात कळ उठली की कुत्रं असं करते, पोटाले ताण देते. एकादशी नाही करून राहिला तो, त्याले दुखून राहिलं. मग मेंदी सांभाळत तिने मनगटाने त्याचे पोट दाबून पाहिले. ऑस्कर कण्हला. तिने विचारले, पाणी टिकते का. किती दिवसांपासून. ओकायचं करते आणि निघत नाही असं होते का. मी म्हणालो, हो, कालपासून थांबली उलटी. ती म्हणाली, थांबली नाही काका, अडली. मग पुन्हा तेच, काय खाल्लं त्यानं? खरं सांगा.

वच्छला माझ्याकडे बघत होती. मी वच्छलाकडे. दोघेही एकदम म्हणालो, काहीच नाही.

ती म्हणाली, आत्ताच चला, एक्स-रे काढू. मी म्हणालो, पोरी, उद्या तुझी ईद, मेंदी खराब होईल, परवा सकाळी पहिल्या नंबरला येतो. सणावाराला कोणाला त्रास देणे आमच्या घराण्यात नाही. ती म्हणाली, रात्रीत हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाही तर उठला नाही, तर भिंतीवरून आवाज द्या. आणि तेल-बिल पाजू नका, छातीत गेलं तं निमोनिया होते. तेलाचे हिला कोणी सांगितले कळले नाही. धोतर दोरीवर होते.

गुरुवार, २८ मे, सकाळी ७

ऑस्कर उठत नाही.

ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्या, चुन्यासारख्या. मी हाक मारली तर शेपटी एकदा हलवली. तेवढ्याने दमला. काल कपाळाला लावलेले गंध तसेच होते.

मला भीती वाटली. इथे खरे लिहायचे ठरले आहे म्हणून लिहितो, फार भीती वाटली. जावयाला काय सांगू याची नाही. हे जनावर माझ्यावर विश्वास ठेवून माझी प्रत्येक कोय चाटत बसले होते, त्याची.

भिंतीपाशी जाऊन ओरडलो. अलीझा नव्या ड्रेसमध्ये धावत आली. वच्छला मागेच उभी. तिला इंग्रजी येत नाही या भरवशावर मी हळूच म्हणालो, म्यांगो स्टोन, पॉसिबली. वन.

वच्छला म्हणाली, कोय ना? मग लवकर चाला.

मला वाटले होते, आता गल्ली ऐकेल. पण ती एक शब्द बोलली नाही. जहीरभाई नमाजहून आले ते अंगावरच्या नव्या कुर्त्यानेच त्यांनी आपला छोटा टेम्पो काढला. वच्छला मागे खाली बसली, ऑस्करचे डोके मांडीवर घेऊन. सारखी म्हणत होती, माफ कर रे बाबा मले. ती माझ्या वतीने माफी मागत होती. असा जोडीदार मिळायला भाग्य लागते.

त्याच दिवशी, दुपारी ३

एक्स-रे झाला. अलीझाने नव्या ड्रेसवर हिरवा गाऊन चढवला आणि ऑपरेशनला घेतले. आम्ही बाहेर बाकावर. अनेक रात्री मी शेवटच्या गाडीची वाट बघितली आहे, माइकवरून लोकांना धीर दिला आहे. आज माझ्या तोंडून ‘थोड्याच वेळात’ हे शब्द निघेनात. जहीरभाई म्हणाले, वामनराव, चाय घ्या. साखरेचा होता. प्यायलो. चव कळली नाही.

अलीझा बाहेर आली. वाचला म्हणाली. वच्छला रडली. मीही, पण ते उन्हाने डोळे चुरचुरतात.

मग तिने स्टीलचे भांडे पुढे केले. आत कोया होत्या. दोन.

म्हणाली, काका, तुमी तं एकच म्हणाले होते. एका कोयीवर कदाचित भागलं असतं, दुसरी मागून येऊन अडकली. मी म्हणालो, एकच होती. माझ्या बाजूने हिशेब चोख आहे. अलीझाने वच्छलाकडे पाहिले. वच्छला वर पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

शुक्रवार, २९ मे

ऑस्करने पाणी प्यायले. टिकले. जगात याहून चांगली बातमी नाही.

दुसऱ्या कोयीचा छडा लागला. रात्रभर विचार केला. ती अमरावतीची. येण्याआधीच त्याच्या पोटात असणार. जावईबापू नोकरी करतात, कुत्र्याकडे लक्ष कुठे. मी हे वच्छलाला सांगितले, तर ती म्हणाली, हो, अमरावतीचीच असंल, पण जवाईबापूले बोलू नका, अधिक महिना आहे. दोन्ही कोया शेंदऱ्याच्याच दिसतात असे अलीझा म्हणते, पण ती जनावरांची डॉक्टर आहे, झाडांची नव्हे.

विशेष म्हणजे वच्छलाने मला आंब्यांबद्दल एका शब्दाने झापले नाही. सकाळी चहात अर्धा चमचा साखर पण घातली. म्हणाली, जाऊ द्या, चूक माणसाच्याच हातून होते. माझा प्रामाणिकपणा तिला कुठेतरी स्पर्शून गेला असावा.

आजपासून नवा नियम. कुत्रा ओकून पुन्हा खेळत असेल तर एक वेळ थांबायचे. पाणी टिकत नसेल, पोट धरून बसत असेल, ओकायला जाऊन काही निघत नसेल, तर त्याच पायी डॉक्टर. आणि डॉक्टरने काय खाल्लं विचारले की सगळे सांगायचे. मी सांगितले. अमरावतीकरांनीही सांगायला हवे होते.

रविवार, ३१ मे

धोंड्याचे जेवण. ऑस्कर घरी आला आहे, गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, पोटाला पट्टी. शुभमराव त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, बाबा, तुमाले फार त्रास झाला, पुढच्या वेळी याले अमरावतीत डॉग हॉस्टेलमध्ये ठेवून देतो. अतिशय नम्रपणे म्हणाले. मला काही त्रास नाही झाला, म्हणालो. ते म्हणाले, ऑस्करले झाला.

हे लागले मला. पण जावई आहे, ताटावर बसलेला आहे, बोललो नाही. कोयीचेही नाही.

रस करायला कुटार उपसले तर निम्मे आंबे गायब. प्राजक्ता म्हणाली, आई, मामानं पोतंभर पाठवले होते ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मी खाल्ले ते फार तर तीन, आणि तेही नासायच्या बेतातले. वच्छला म्हणाली, असू द्या, सणाच्या दिवशी त्याईले काही बोलू नका. पुन्हा माझी बाजू घेतली. उद्या माझी रक्ततपासणी आहे, तिथे खरे काय ते सिद्ध होईलच, म्हणून ती परवावर ढकलली.

मला कारल्याची भाजी. रस सगळ्यांना वाढला, वच्छलाने मात्र आपल्या वाटीत थेंब पडू दिला नाही. व्रत म्हणजे व्रत. मी भर पंगतीत प्राजक्ताला म्हणालो, शीक काही आईकडून, डोळ्यांसमोर आंबा असून जिभेवर ताबा कसा ठेवायचा. वच्छलाला ठसका लागला. ऑस्कर सगळ्यांना ओलांडून, भोंगा दारांना आपटत, तिच्यापुढे जाऊन बसला आणि तिच्या हाताकडे बघून ओठ चाटायला लागला.

कुटारात उंदीर फार झाले आहेत. उद्या पिंजरा आणायचा.